सांडव्याचे माप
(आपल्या संस्थेच्या महोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या प्रसंगी धरणाविषयी बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपण बडोदेकर. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेल्या आजव्याच्या सरोवराचे पाणी पीत आपल्या पिढ्या वाढल्या. आणि त्याच सरोवराचे जादा पाणी विश्वामित्रीत उतरू लागले की आपलीच झोप उडते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री धोक्याची २६ फुटांची रेषा ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्याबाहेरचा नव्हे.

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिंत येते. पण पुराच्या दिवशी त्या भिंतीची राखण सांडवा करतो. तलाव भरल्यावर येणारे पाणी सुखरूप खाली सोडण्याची वाट म्हणजे सांडवा. चिरेबंदी भिंतीवरून पाणी गेले तरी ती काही काळ तग धरील. मातीच्या बांधावरून ते वाहू लागले, तर माती कातरली जाते, खिंडार पडते, आणि मग सारा तलाव त्या वाटेने बाहेर पडतो.

आपल्याच राज्यातील मोरबीचे उदाहरण घ्या. ११ ऑगस्ट १९७९ रोजी, ऐन श्रावणात, मच्छू नदीवरील दुसऱ्या क्रमांकाचे धरण फुटले. त्या दिवशी सेकंदाला १६,३०७ घनमीटरपर्यंत पाणी आले. सांडवा ज्या पुरासाठी आखला होता, त्याच्या हे जवळजवळ तिप्पट. मधला चिरेबंदी सांडवा उभा राहिला. दोन्ही बाजूंचे मातीचे बांध मात्र वाहून गेले. खाली वसलेल्या मोरबीत हजारो माणसे बुडाली. पुढे धरण पुन्हा बांधले, तेव्हा सांडव्याची क्षमता सुमारे २१,००० घनमीटर, म्हणजे जवळजवळ चौपट, ठेवण्यात आली. जे माप आधी हवे होते, ते शहर बुडाल्यावर मिळाले.

मग आधीचे माप चुकते कसे? जुन्या काळी पर्जन्यमापनाची केंद्रे विरळ, नोंदी थोड्या वर्षांच्या. त्यांवरून जो पूर मोठा वाटला, तो हिशेबात धरला गेला. नोंदी वाढल्या तसा हिशेबही वाढला. १९८५ च्या भारतीय मानकाप्रमाणे मोठ्या धरणाने त्या खोऱ्यात संभवणारा महत्तम पूर पेलला पाहिजे. ओडिशातील हिराकुडचे धरण १९५७ साली पुरे झाले, तेव्हा पूर धरला होता ४२,४५० घनमीटरांचा. फेरहिशेबात तो ६९,६३२ वर गेला. त्यासाठी तेथे जादा सांडव्यांची योजना आखावी लागली. धरण तेच, नदी तीच; आपले ज्ञान वाढले.

उपाय अनेक आहेत. नवे दरवाजे बसवून सांडवा रुंद करता येतो. बांधाची उंची वाढवता येते. सांडव्याचा माथा नागमोडी बांधून तेवढ्याच जागेतून अधिक पाणी काढता येते. पावसाळ्यात तलाव थोडा रिता राखता येतो. कोठे कोठे बांधाचा एक भाग मुद्दाम कच्चा ठेवतात. महापुरात तो आधी वाहून जातो आणि मुख्य धरण वाचते. २०१२ ते २०२१ या काळात सात राज्यांतील २२३ धरणांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम झाला. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने तज्ज्ञांकडून तपासणी आणि आपत्कालीन योजना बंधनकारक केली.

यावर हमखास विचारतात, “पन्नास वर्षांत एकदा न येणाऱ्या पुरासाठी एवढा खर्च का?” आमचे उत्तर साधे आहे. आपली संस्था गंगाजळी का ठेवते? वर्षानुवर्षे ती पडून असते. सभेत कोणीतरी दरसाल विचारतो की, ही रक्कम खर्च का करीत नाही. मग एखादे वर्ष असे येते की, तीच संस्थेला तारते. रुंद सांडवा ही धरणाची गंगाजळी होय.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. वर दार मोठे केले आणि खाली नदीचे पात्र भराव घालून चिंचोळे केले, तर धरण वाचेल आणि शहर बुडेल. विश्वामित्रीच्या काठी घर घेताना, भराव पडताना पाहताना, आपण आजवर काय केले? गप्प बसलो. त्यात आम्हीही आलो.

पूर ओसरल्यावर अन्न नि पांघरुणे वाटणे हा आपल्या संस्थेचा धर्म आहे आणि तो चालू राहावा. पण पुढील पावसाळ्यापूर्वी आपल्यापैकी चार जाणत्या मंडळींनी अधिकाऱ्यांकडे जाऊन विचारावे: आजव्याच्या पुराचा हिशेब शेवटी केव्हा तपासला? पाणी सोडण्यापूर्वी इशारा कोणाला, किती वेळ आधी मिळतो? हे विचारायला पैसा लागत नाही. पूर येण्याआधी विचारले, तरच त्याचा उपयोग.