जिना मोकळा, तर वाट मोकळी



उंच इमारतीतील आगीत ज्वाळांइतकाच धूर घातक असतो. लंडनमधील २४ मजली ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीने ७२ जणांचा बळी घेतला. तेथे जिना एकच होता आणि त्यातही धूर शिरला.

महाराष्ट्रात २००६ च्या अधिनियमानुसार अशा इमारतींतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावे लागते. परंतु जिन्यातील अडगळ प्रमाणपत्राने हटत नाही. ती रहिवाशांनीच हटवावी. धूर अडविणारी जिन्याची दारे बंद ठेवावीत. आगीच्या वेळी लिफ्ट टाळावी आणि १०१ क्रमांकावर त्वरित कळवावे. शिक्षकांनी हे मुलांना शिकविल्यास ते घरोघरी पोहोचेल.