चांगवॉनची बदली



फौजेत एखाद्या अधिकाऱ्याची बदली आडबाजूच्या ठिकाणी झाली की मेसमध्ये कुजबुज सुरू होते, ‘संपला हा आता.’ आज अशाच एका ‘संपलेल्या’ खेळाडूची गोष्ट सांगतो. खेळ बेसबॉल, खेळाडू एरिक थेम्स.

थेम्स अमेरिकेचा. मेजर लीगमध्ये तो 2011 साली टोरांटोकडून उतरला, 2012 मध्ये सिअ‍ॅटलकडे गेला. दोन हंगामांत 21 होमरन. होमरन म्हणजे आपल्याकडचा सिक्सरच समजा. आकडा वाईट नव्हता, पण जागा पक्की होण्याइतका चांगलाही नव्हता. 2013 मध्ये त्याला मेजर लीगचा एकही सामना मिळाला नाही. वय 26.

तेव्हा दक्षिण कोरियातून बोलावणं आलं. चांगवॉन शहराचा एनसी डायनोज हा क्लब वरच्या लीगमध्ये नुकताच आलेला. भाषा वेगळी, जेवण वेगळं. थेम्स गेला.

तीन हंगामांत त्याने 37, 47 आणि 40, म्हणजे एकूण 124 होमरन मारले. 2015 मध्ये 47 होमरनबरोबर 40 बेसही चोरले. एकाच हंगामात दोन्हींची चाळिशी गाठणारा तो कोरियन लीगच्या इतिहासातला पहिला खेळाडू. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

हे कसं घडलं? एक तर त्याला रोज खेळायला मिळालं. कोरियात प्रत्येक संघाला परदेशी खेळाडू मोजकेच घेता येतात. म्हणून त्यांना बाकावर बसवायला कोणी आणत नाही. त्यांनी संघ ओढायचा, अशीच अपेक्षा असते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तिथले पिचर वेगापेक्षा वळणाऱ्या चेंडूंनी फसवतात. आडव्यातिडव्या चेंडूमागे बॅट फिरवली की काम तमाम. थेम्स तिथे चेंडू सोडायला शिकला. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडणं किती अवघड, हे आपल्याला ठाऊक आहे. बेसबॉलमध्ये तर चार खराब चेंडू सोडले की पहिला बेस फुकट मिळतो.

2017 साठी मिलवॉकीने त्याच्याशी तीन वर्षांचा, 1.6 कोटी डॉलरचा करार केला. कोरियातले आकडे अमेरिकेत टिकणार नाहीत, असं म्हणणारे होतेच. थेम्सने पहिल्याच एप्रिलमध्ये 11 होमरन मारले, हंगामात 31.

पुढचंही सांगायला हवं. 2021 मध्ये तो जपानला, योमिउरी जायंट्सकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात टाचेवरचा स्नायुबंध तुटला. परदेशी जाणं म्हणजे यशाची हमी नव्हे.

पण बदलीचा कागद हातात आला की आपण आधी पाहतो, मुख्यालयापासून किती लांब? माझ्या तरुण श्रोत्यांनो, त्याआधी दोन गोष्टी विचारा. तिथे मला रोज काम करायला मिळेल का? आणि माझी जी बाजू कच्ची आहे, तिचीच तिथे परीक्षा होईल का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर बिनधास्त सामान बांधा.