मन कुणाजवळ मोकळे करावे?



सासरी मार खाऊन आलेल्या बाईला ‘जरा सोसून घे’ म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात. त्याला शिक्षण लागत नाही! आपल्या शहादा तालुक्यात १९७२ नंतर आदिवासी भगिनींनी दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. अशांजवळ गांजलेली बाई बोलते. त्यांनीही तेच सोसलेले असते.

१९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष काढला. तिथली समुपदेशक परकी. तिला विश्वास मिळवावा लागतो: पुरते ऐकून, ऐकलेले पोटात ठेवून, आणि ‘एवढे माझ्या हातून होणार नाही’ हेही आधीच सांगून.

आपल्या मंडळात कोणी आली, तर तिची हकीकत हळदीकुंकवात दुसरीच्या तोंडून निघेल का, हे ती आधी पाहील.