दंडाचे मांस आणि यकृताचे दुखणे
(नेसरी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपला जिल्हा तालमींचा. भरलेला दंड म्हटला की आपल्याला खासबागेचे मैदान आठवते आणि यकृत म्हटले की दारूचा गुत्ता. दंड पैलवानाचा आणि यकृताचा रोग पिणाऱ्याचा, अशी आपण सरळ वाटणी करून टाकली आहे. ही वाटणी खोटी आहे, आणि तिच्यापायी घरे पोळतात. आयुष्यात एक थेंब न घेतलेल्या, पाच वेळच्या नमाजी माणसाच्या पोटात पाणी झाले की घरची मंडळी रोगाचे नाव सांगत नाहीत. 'लोक काय म्हणतील?' वास्तविक यकृत बिघडवणारी कारणे पुष्कळ आहेत. एकाची सुई दुसऱ्याला टोचल्याने पसरणारी 'ब' व 'क' प्रकारची कावीळ आहे, आणि दारूशिवाय यकृतात साचणारी चरबी आहे. रोग लपविला की औषध मागे पडते, एवढाच त्या लपवाछपवीचा हिशेब.

आता ही चरबी अंगाने बारीक असलेल्या माणसाच्या यकृतात येते कशी? या प्रश्नाच्या फार जवळचे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहाचे संशोधक. आपली माणसे किरकोळ दिसतात, तरी त्यांना मधुमेह लवकर का गाठतो, हे त्यांचे कोडे होते. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी रुग्णालयाबाहेर पाऊल टाकले. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या पथकाने काम सुरू केले. गर्भ राहण्याच्या आधीपासून स्त्रियांची मापे घ्यायची, गरोदरपणात त्या काय खातात व किती राबतात हे टिपायचे, आणि बाळ जन्मले की त्याचे माप घेऊन पुढे वर्षानुवर्षे त्याच्या मागावर राहायचे. सांगायला चार वाक्ये लागली, पण करायला उमर लागते.

त्या बाळांचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. बाळ लहान, तर त्याचे सारेच त्या प्रमाणात लहान असावे की नाही? तसे आढळले नाही. दंडाचा घेर कमी, पोटाचा घेर तर त्याहून कमी. म्हणजे स्नायू आणि यकृतासारखे पोटातले अवयव मागे राहिलेले. परंतु पाठीवरची कातडी चिमटीत धरून मापली, तर तिच्याखालची चरबी इंग्रज बाळाच्या जवळपास! तुटपुंज्या पोषणात चरबी टिकली आणि मांस मागे राहिले. बारीक, पण आतून चरबीचे, असे हे आपले बाळ.

मोठेपणीही तोच प्रकार दिसतो. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी लंडनच्या प्राध्यापक यडकिन यांच्याशेजारी उभे राहून काढलेले स्वतःचे छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. शरीरातील चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. स्वतःचेच उदाहरण जगापुढे मांडायला मोठे मन लागते.

आता मांसाचे महत्त्व पाहा. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. हे कोठारच लहान असेल तर साखर रक्तात रेंगाळते, आणि उरलेल्यातली काही यकृतात चरबी होऊन बसते. म्हणून दंड हा नुसता कुस्तीचा विषय नव्हे.

त्याच सहा खेड्यांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, दूध आणि फळे वरचेवर होती, त्यांची बाळे अंगाने मोठी होती; ज्या पोटुशेपणीही कष्टाची कामे ओढत राहिल्या, त्यांची बाळे लहान. आपल्या घरी भांडे खरवडून शेवटी कोण जेवते, हे मी सांगायला नको. सातवीत शिकणाऱ्या मुलीच्या ताटात अंडे वाढताना 'हे भावाला' म्हणून जे उचलले जाते, ते आपल्या नातवाच्या दंडातून उचलले जाते.

दुसरी बाजू, रोग झाल्यानंतरची. यकृत घट्ट होऊन आकसते, त्या रोगाला सिरॉसिस म्हणतात. यात पोट फुगते, पण हातपाय काटक्यांसारखे होतात. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे डॉ. श्रीनिवासन दशरथी यांनी या वाळण्याचाच अभ्यास केला. शरीरात तयार होणारा अमोनिया नावाचा विषारी पदार्थ काढून टाकणे हे यकृताचे काम. यकृत थकले की ते ओझे स्नायू उचलतात. पण त्याच अमोनियामुळे स्नायूंची वाढ रोखणारा 'मायोस्टॅटिन' हा पदार्थ वाढतो, असे त्यांच्या गटाने २०१३ साली दाखविले. मदतीला धावलेला गडीच मार खातो, तसे हे.

आणि अशा वेळी आपण रोग्याला काय देतो? पिवळे काही नको, जड नको, म्हणून भाताची पेज आणि उसाचा रस! पूर्वी डॉक्टरही प्रथिने तोडायला सांगत. आता तो सल्ला मागे पडला आहे. सिरॉसिसच्या रोग्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात, यावरून पेजेने काय भागेल ते ताडावे. डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, शेंगदाणे आपल्या घरांत असतात. किती आणि कसे, ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शेवटचा मुद्दा रोज्याचा, आणि तो मी मुद्दाम राखून ठेवला होता. निरोगी यकृत रात्रीसाठी साखरेचा साठा ठेवते. सिरॉसिसमध्ये तो साठा राहत नाही. एका रात्रीच्या उपाशीपणाने या रोग्याच्या शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर होते, आणि मग शरीर स्वतःचेच मांस जाळू लागते. म्हणून त्याला झोपण्यापूर्वी दूध-भाकरीसारखे काही द्यायला सांगतात. अशा माणसाने तेरा-चौदा तास निर्जळी राहावे काय? आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआन शरीफनेच दिली आहे, आणि ज्याला बरे होण्याची आशा नाही त्याच्यासाठी फिदिया आहे. तरीही आपले बुजुर्ग ऐकत नाहीत. रोजा सोडला तर इमान गेले, असे त्यांना वाटते. डॉक्टरांना आणि मौलवीसाहेबांना शाबान महिन्यातच विचारून घ्या, आणि विचारायला अब्बांना सोबत न्या. चाँद दिसल्यावर ते कोणाचेच ऐकणार नाहीत.