मताचा हक्क आणि भट्टीचा हंगाम

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आपला हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता, त्या काळातील एक गोष्ट प्रथम सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने 1923 साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले झाले. पण तीन वर्षे तो हक्क दप्तरातच पडून राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब जनसमुदायासह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कोठे त्या ठरावात प्राण आला. मताच्या हक्काची कथा याहून वेगळी नाही.

हा हक्क आपणांस कोणी दान दिलेला नाही. 1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. 1928 साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत मागितले. त्या वेळी मत कोणास होते? जो ठरावीक सारा भरी, घरभाडे देई, प्राप्तीवर कर देई, त्यास! निरक्षरांस मत कशास हवे, असे त्या काळी मोठमोठे विद्वान विचारीत. शाळेची दारे पिढ्यानुपिढ्या बंद ठेवावयाची आणि मग निरक्षरतेचे कारण पुढे करावयाचे, हा कोठला न्याय? 1935 च्या कायद्याने मतदार वाढले, तरी प्रांतिक निवडणुकांत ते सुमारे तीन कोटीच होते. ज्याच्या नावावर जमीन नाही, तो महार, तो कातकरी, तो ठाकूर बहुधा बाहेरच राहिला. संविधानाच्या 326 व्या कलमाने ही कुंपणे काढून टाकली, आणि 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत यादी सतरा कोटींवर गेली. एकवीस वर्षांची अट 1989 साली अठरावर आली.

तरीही त्या पहिल्या यादीतून देशभरातील सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे गळली. कारण काय? ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ यापलीकडे स्वतःचे नाव त्यांनी सांगितले नाही, किंवा त्यांना सांगू दिले नाही. त्यांतील बहुतेक स्त्रिया उत्तरेकडच्या होत्या, हे खरे. पण आपल्या घरांतही कारभारीण हे नाव अजून पुरे मानले जाते, म्हणून हे सांगितले.

आता आपल्या गावकुसाकडे या. दिवाळी सरली की कातकरी वाडीतील झोपड्यांना झाप लागतो. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्टीवर जातात, कोणी कोळसा पाडावयास थेट कर्नाटकापर्यंत जातात, आणि पावसाच्या तोंडाशी परततात. आपल्यातीलही पुष्कळ घरे कामासाठी मुंबई-पनवेलीस असतात. मावळ लोकसभा मतदारसंघात, ज्यात आपले दोन्ही तालुके येतात, 13 मे 2024 रोजी मतदान झाले. ते शेकडा 55 च्या आसपास राहिले, देशाचा आकडा मात्र 66 च्या जवळ होता. या तुटीचे कारण केवळ भट्टी आहे असे मी म्हणणार नाही. शहरातील सुशिक्षितांचा आळसही त्यात भरपूर आहे. परंतु शहरवासी घरी बसून मत चुकवितो, आणि भट्टीवरच्या मजुराचे मत उचलीच्या हिशेबात अडकते. पूर्वी सारा जे काम करी, तेच काम आज हंगाम करीत आहे.

कायदा या बाबतीत आंधळा नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कोणी तात्पुरता बाहेरगावी गेला, एवढ्यावरून तो गावचा रहिवासी राहिला नाही असे ठरत नाही. झोपडीला झाप दिसला म्हणून नाव कापावयाचे, हे चालणार नाही. मतदानाच्या दिवशी मजुरास, रोजंदारीवरच्या मजुरासही, पगारी सुटी देणे मालकावर बंधनकारक आहे. भट्टीवाल्यास हे माहीत असते. पण तो होऊन ते कशाला सांगेल?

दीक्षा घेतलेल्या काही कुटुंबांनी मला विचारले की धर्म बदलल्याने मत जाते काय. नाही. धर्म, जात वा लिंग या कारणाने कोणासही यादीबाहेर ठेवता येत नाही, असे 325 वे कलम सांगते. राखीव जागेवर उभे राहण्याची गोष्ट निराळी. त्यासाठी जातीचा दाखला लागतो, आणि पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य बौद्धांस तो हक्क केंद्राच्या कायद्याने मिळावयास 1990 साल उजाडावे लागले.

या पंधरवड्यात प्रत्येक वस्तीतील दोन शिकलेल्या तरुणांनी यादी घेऊन शेजारच्या कातकरी वाडीत जावे. आपले आधी पाहू, त्यांचे मग, असे म्हणू नये. महाडला आपल्यासोबत उभे राहणारे थोडे होते, हे आपण विसरलो नाही. कोण कोणत्या भट्टीवर आहे, हे वहीत लिहून ठेवावे, म्हणजे मतदानाच्या आठवड्यात निरोप कोठे धाडावयाचा ते कळेल. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींचे नाव नोंदवावे, लग्न होऊन आलेल्या सुनेचे माहेरच्या यादीतून इकडे आणावे.

यादीची प्रत येथे मेजावर ठेवली आहे. सभा संपल्यावर भगिनींनी प्रथम यावे, आणि स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगून ते यादीत पाहून घ्यावे. पुरुषांनी तोवर मागे बसावे.