जुना खेळ आणि नवे यंत्र



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून या महाराष्ट्रात वसंत ऋतू आला की गावोगावी व्यासपीठे उभी राहतात आणि मोठमोठ्या विषयांवर मोठमोठी माणसे बोलतात. त्या मानाने आमचा आजचा विषय फार लहान आहे. डॉसवरचे जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाहीत, ते चालवावेत कसे, एवढाच. विषयाचे नाव ऐकून पुढच्या रांगेतली काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. वेतनकरार, बोनस, कंत्राटी कामगार यांवर बोलणारी आमची जात. ती खेळावर काय बोलणार, असे वाटणे साहजिक आहे. पण भाषण संपेपर्यंत हा विषय तुमच्या-आमच्या भाकरीपासून फार दूर नाही हे पटवून देता आले, तर आमचे काम झाले असे आम्ही समजू.

नव्वदच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांत कॉम्प्युटर क्लास निघाले. ओव्हरटाइमच्या पैशांतून बापाने मुलाची फी भरली. मुलगा तिथे काय शिकला ते बापाला कळले नाही. पण तास संपल्यावर तो 'डेव्ह' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत असे, हे त्या पिढीतला कोणीही सांगेल. ती मुले आज चाळिशीत आहेत, त्यांतली कित्येक चाकणच्या कारखान्यांत आहेत. त्यांना तो खेळ आता आपल्या मुलांना दाखवायचा असतो. नव्या लॅपटॉपवर तो सुरू करायला जावे, तर हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही असे उत्तर येते. दुसरीकडे, लहान वर्कशॉपांत अजून एखादा डॉसचा कॉम्प्युटर कोपऱ्यात धूळ खात असतो आणि केबलमधून सीएनसी मशिनला प्रोग्रॅम पुरवत असतो. तो बंद पडला की मालक आणि कामगार दोघांच्याही तोंडचे पाणी पळते. दुखणे दोन्हीकडे एकच.

आम्ही युनियनची माणसे. एखाद्यावर आरोप आला की प्रथम आरोपपत्र वाचावे, मग चौकशी करावी, शिक्षेचा विचार सर्वांत शेवटी, ही आमची शिस्त. बंद पडलेल्या प्रोग्रॅमलाही तीच शिस्त लावावी. पडद्यावर जो मजकूर उमटतो ते आरोपपत्र. लोक तो न वाचताच खिडकी बंद करतात आणि 'जुने झाले, टाकून द्या' असा निकाल देऊन मोकळे होतात. मजकूर जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्यावा, निम्मे काम तिथेच होते.

आता एकेक तक्रार घेऊ.

पहिली तक्रार : गेम मुळी सुरूच होत नाही. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि त्याबरोबर डॉस आली. त्या यंत्राचा प्रोसेसर १६ बिटांचे काम करणारा, आणि प्रोग्रॅमला मिळणारी जागा फार तर ६४० केबी. डॉसचे प्रोग्रॅम त्या बेताने लिहिले गेले. पुढे ३२ बिटांच्या विंडोजने अशा प्रोग्रॅमांसाठी एक वेगळी खोली राखून ठेवली होती. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ती खोली नाही, आणि विंडोज ११ तर ६४ बिटांचीच निघाली. म्हणजे गेम बिघडलेला नाही. त्याला बसायला घरात जागा उरलेली नाही.

यावर उपाय डॉसबॉक्स. हा प्रोग्रॅम २००२ साली प्रसिद्ध झाला आणि तो फुकट मिळतो. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात तो एका जुन्या कॉम्प्युटरचे सोंग उभे करतो : जुना प्रोसेसर, जुना पडदा, जुने साउंड कार्ड, सारे काही. गेमला वाटते आपण आपल्याच घरी आहोत. गेमच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवाव्या, डॉसबॉक्स उघडून 'माउंट सी' ही आज्ञा द्यावी व पुढे त्या फोल्डरचा पत्ता लिहावा. मग 'सी' आणि त्यापुढे अपूर्णविराम (:) टाइप करून एंटर दाबावे आणि गेमचे नाव टाइप करावे. बहुतेकांचे काम इथेच होते.

दुसरी तक्रार : गेम सुरू होतो, पण वाऱ्यासारखा धावतो. पहिल्या पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. त्या काळच्या काही गेमकर्त्यांनी घड्याळ न पाहता यंत्राच्या दमावर खेळाची चाल बसवली होती. यंत्र हजारपट दमदार झाले, आणि खेळणाऱ्याने बोट उचलण्याच्या आत त्याचा गडी मरू लागला. डॉसबॉक्समध्ये कंट्रोलबरोबर एफ-११ दाबल्यास वेग उतरतो, एफ-१२ दाबल्यास चढतो. गेम माणसाच्या हाताला झेपेल इतपत तो आणून ठेवावा.

याच जातीचा एक दोष फार बोधप्रद आहे. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले काही प्रोग्रॅम वेगवान यंत्रावर सुरू होताच 'रनटाइम एरर २००' असे म्हणून मरतात. या क्रमांकाचा अर्थ, शून्याने भागले. वस्तुतः शून्याने कोणीही भागलेले नसते. हा प्रोग्रॅम सुरुवातीला यंत्राचा वेग मोजतो. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते पाहतो आणि त्या संख्येला ५५ ने भागतो. उत्तर ठेवायला १६ बिटांचे भांडे, त्यात ६५,५३५ पर्यंतचाच आकडा मावतो. यंत्र वेगवान झाले, उत्तर भांड्याबाहेर सांडले, आणि प्रोसेसरने ठराविक साच्यातला आरोप ठेवला. मंडळी, आरोप एक आणि कारण दुसरेच, हा प्रकार आम्ही कारखान्यांच्या चौकशांत पुष्कळ पाहिला आहे. पन्नाशीच्या कामगाराला नव्या लाइनवर उभे करतात, दोन आठवड्यांत 'कार्यक्षमता नाही' असा शेरा येतो. पुष्कळदा कार्यक्षमता शाबूत असते, मापाचे भांडे लहान पडलेले असते. एरर २०० वर उपाय निघाला तो प्रोग्रॅम फेकून नव्हे, मोजण्याची रीत दुरुस्त करून. तशा दुरुस्त्या लोकांनी करून ठेवल्या आहेत, आणि डॉसबॉक्समध्ये वेग उतरवूनही काम भागते.

तिसरी तक्रार : आवाज नाही. गेमबरोबर बहुधा 'सेटअप' नावाचा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. तो उघडून साउंड ब्लास्टर निवडावे. पत्ता २२०, इंटरप्ट ७, डीएमए १, हे आकडे द्यावे. डॉसबॉक्समधले सोंगाचे कार्ड मुळात याच आकड्यांवर बसवलेले असते.

चौथी तक्रार : गेम चालतो, पण मध्येच प्रश्न विचारतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त पहिली पातळी ओलांडली की छापील पुस्तिकेतल्या अमुक शब्दाचे अक्षर सांगा असे म्हणतो. चोरून केलेल्या नकला अडवण्याची ती युक्ती. इथे यंत्राचा दोष शून्य. पुस्तिका हरवली हाच दोष. पुस्तिका हरवली की विकत घेतलेली वस्तूही परकी होते, हे वर्कशॉपवाल्यांनी ध्यानात ठेवावे. आणि कायद्याचेही ऐकावे. जुने झाले म्हणून स्वामित्वहक्क संपत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो राहतो. मात्र रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची, नुकसान टाळण्यासाठी, राखीव प्रत करण्याची मुभा १९५७ च्या कायद्यात आहे. ती मुभा वापरा.

आता खेळाकडून कामाकडे येऊ. डॉसबॉक्स खेळासाठी केलेले साधन आहे, त्याच्या कर्त्यांचा रोखही खेळावरच होता. ज्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड बसवून प्रत्यक्ष मशिनचा स्लाइड हलवला जातो, तिथे हे सोंग वापरू नये. गेममध्ये क्षणाचा घोळ झाला तर राजपुत्र मरतो. मशिनवर तो झाला तर टूल तुटते, हात जातो. अशा ठिकाणी खराच जुना कॉम्प्युटर राखावा, किंवा फ्रीडॉस ही १९९४ साली सुरू झालेली मोफत डॉस प्रत्यक्ष यंत्रावर बसवावी आणि आधी मोकळ्या मशिनवर, जॉब न लावता, चाचणी घ्यावी. आतली लहान बॅटरी संपली की जुना कॉम्प्युटर आपल्या हार्ड डिस्कची मापे विसरतो. ती मापे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूस चिकटवावी. फ्लॉपीवरची चुंबकी नोंद वर्षांगणिक विरते. तिची प्रत आज करावी, उद्या नव्हे.

प्रतीचे महत्त्व एका गोष्टीवरून कळेल. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लिहिणारे जॉर्डन मेक्नर यांच्यापाशी त्या खेळाचा मूळ मजकूर उरला नव्हता. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला. जुन्या यंत्रांचे जाणकार बोलवावे लागले, तेव्हा तो मजकूर बाहेर आला आणि सर्वांसाठी खुला झाला. ज्याने वस्तू घडवली त्याच्या हातूनही ती निसटली होती; ती वाचली, कारण कोणी खोका फेकला नाही आणि तो उघडण्याचे ज्ञान असलेली माणसे हयात होती.

बंधुभगिनींनो, या पट्ट्यात जुने मशिन विकले जाते तेव्हा ते चालवणारा माणूसही बहुधा त्याच दिवशी बाहेर पडतो. त्याच्या हातचे सेटिंग कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते. सहा महिन्यांनी जुना जॉब परत येतो आणि मग त्याच्या घराचा पत्ता शोधत माणूस धावतो. नवे यंत्र येऊ नये असे आम्ही म्हणत नाही. नव्या यंत्राला विरोध करून कामगाराचे भले होत नाही, हे आम्हांला कळते. आमचे म्हणणे इतकेच, की नव्यात जुन्यासाठी एक खोली हवी. डॉसबॉक्स लिहिणाऱ्यांनी कोणाच्या हुकमाशिवाय ती खोली बांधली आणि तिची किल्ली सर्वांना दिली. कारखान्यांत ती खोली करारानेच बांधावी लागेल. नवे यंत्र आणण्याआधी जुन्या कामगाराला त्याचे शिक्षण, शिकण्यास पुरेशी मुदत, आणि त्याच्या ज्ञानाची त्याच्या नावानिशी नोंद, ही तीन कलमे पुढल्या प्रत्येक मागणीपत्रात असावीत, असा आमचा आग्रह आहे.

तोवर ज्यांच्या घरी जुनी फ्लॉपी आहे त्यांनी तिची प्रत करावी, आणि ज्यांच्या शेजारी जुना फिटर आहे त्यांनी वही घेऊन त्याच्यापाशी बसावे.