स्वमग्न मुलाचा दाखला

मूल वेळेवर बोललें नाहीं म्हणजे घरांत प्रथम एकच वाक्य ऐकूं येतें: “त्याचा बापही तीन वर्षांपर्यंत बोलला नव्हता.” या वाक्यांत धीर असतो, मायाही असते, परंतु त्याच्याच आधारानें कित्येकदां दोन मोलाचीं वर्षें निघून जातात. मूल हांकेला ओ देत नाहीं, फिरत्या पंख्याकडे तासन् तास पाहत बसतें, कुकरची शिटी होतांच कानांवर हात ठेवून किंचाळतें. तरी घर तें मनावर घेत नाहीं. पुढें डॉक्टर ‘स्वमग्नता’ हा शब्द उच्चारतात आणि सर्वांचे डोळे उघडतात. या धक्क्यांतून सावरतां सावरतां आईबापांपुढें दुसरें काम उभें राहतें. तें म्हणजे सरकारी दाखला मिळविण्याचें. वरवर पाहतां हें काम कारकुनी वाटतें. वस्तुतः मुलाच्या साऱ्या आयुष्याचा प्रश्न त्यांत गुंतलेला असतो.

लिओ कॅनर या अमेरिकेंतील बालमानसतज्ज्ञानें अकरा मुलांचीं निरीक्षणें प्रसिद्ध करून १९४३ सालीं या अवस्थेस वैद्यकांत नांव मिळवून दिलें. आपल्या कायद्यास तिची ओळख पटावयास मात्र बराच काळ जावा लागला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत तो आला; परंतु ती मोजून दाखला देण्याची रीत २०१६ सालीं ठरली, आणि त्याच वर्षीं संमत झालेल्या दिव्यांग हक्क कायद्यानें एकवीस प्रकारांमध्यें तिला स्थान दिलें. तोंपर्यंत अशा कित्येक मुलांना मतिमंदत्वाच्या रकान्यांत बसवावें लागे. ज्याची बुद्धि चांगली, पण ज्यास माणसांत वावरणें जमत नाहीं, असें मूल कोणत्याच रकान्यांत बसत नसे.

आतां अर्ज ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर भरतां येतो. मूल अज्ञान असल्यामुळें आईबाप किंवा पालक त्याच्या वतीनें तो भरूं शकतात. छायाचित्र, ओळखीचा पुरावा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील कुटुंबांना पहिली अडचण बहुधा या पत्त्याचीच येते. बिऱ्हाड डोंबिवलीस भाड्यानें घेतलेलें, तर आधारपत्रावर पत्ता रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा! अर्ज सामान्यतः राहत्या जिल्ह्यांतून व्हावयाचा असल्यानें पत्ता आधींच दुरुस्त करून घ्यावा, म्हणजे एक खेप वांचते. दुसरी अडचण प्रत्यक्ष जाण्याची. ज्या मुलाला घरांतील मिक्सरचा आवाज सोसत नाहीं, त्याला सकाळच्या लोकलमधून नेऊन सरकारी रुग्णालयाच्या रांगेंत उभें करणें ही आईची कसोटीच होय. यासाठीं, जमल्यास, आदल्या दिवशीं घरांतील एकानें जाऊन खोली कोणती, क्रमांक केव्हां मिळतो, हें पाहून यावें. मुलाचा नेहमींचा डबा, आवडतें खेळणें आणि जुन्या तपासण्यांचे कागद बरोबर असावेत.

परंतु खरी अडचण याहून निराळी आहे, आणि ती कोणत्याच सूचनापत्रकांत लिहिलेली नसते. स्वमग्नता मोजण्याची जी भारतीय मोजपट्टी आहे, तिच्यांत चाळीस कलमें आहेत. मूल नजरेस नजर देतें कीं नाहीं, एकच शब्द पुन्हां पुन्हां म्हणतें काय, नित्याच्या क्रमांत बदल झाला तर बिथरतें काय, दुखलें तर त्यास कळतें काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न. प्रत्येक लक्षण क्वचित् दिसतें, कधीं कधीं दिसतें, वारंवार दिसतें, बहुधा दिसतें कीं नेहमींच दिसतें, हें पाहून एक ते पांच गुण देतात. २०१६ च्या पद्धतीप्रमाणें सत्तर गुण म्हणजे चाळीस टक्के. आणि बहुतेक सवलतींचें दार चाळीस टक्क्यांपासूनच उघडतें.

आतां आईला विचारतात, “मुलगा नजरेला नजर देतो का?” ती उत्तरते, “देतो कीं!” ती खोटें बोलत नसते. तिच्याकडे तो खरोखरच पाहतो. दिवसांतून एकदां कां होईना, पाहतो, आणि त्या एका दृष्टीवर तिचा सारा दिवस निभतो. शेजाऱ्याकडे, शिक्षकाकडे, डॉक्टराकडे तो पाहत नाहीं, हें सांगावयास तिची जीभ रेटत नाहीं. चार वर्षें खपून तो हातानें जेवूं लागला, म्हणून “स्वतः जेवतो” असें ती अभिमानानें सांगते. समोर बसून प्रत्येक घांसाची आठवण द्यावी लागते, हें तिच्या लेखीं सांगण्यासारखें राहिलेलेंच नसतें. परिणामीं तिच्या मायेनें कमावलेलें यशच मुलाचे गुण कमी करतें आणि दाखला अडतो!

यावर उपाय साधा आहे. तपासणीपूर्वीं पंधरा दिवस एक वही ठेवावी. मूल रात्रीं किती वेळां उठलें, हांकेला कितीदां ओ दिली, कशानें बिथरलें, शांत व्हावयास किती वेळ लागला, कोणत्या कामास कोणाची मदत लागली, हें तारीखवार लिहावें. कांहीं वाढवूं नये, कांहीं झांकूं नये. तपासणीच्या खोलींत दहा मिनिटें शांत बसलेल्या मुलाविषयीं जें दिसत नाहीं, तें ही वही सांगते. निर्णय चुकीचा वाटल्यास त्यावर अपील करण्याची सोय कायद्यांत आहे. तेथेंही अश्रूंपेक्षां नोंदींचा उपयोग अधिक होतो.

कित्येक घरें दाखला घेण्यासच कचरतात. मुलावर शिक्का बसेल, बहिणीचें लग्न अडेल, अशी भीति असते. परंतु टक्के ही मुलाची किंमत नव्हे. समाजानें त्याला किती हात द्यावयाचा, याचें तें माप आहे. या दाखल्यावर सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळतो, शालान्त परीक्षेंत वाढीव वेळ व लेखनिक मिळूं शकतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेंत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. जुन्या पद्धतीनें आयकर भरणाऱ्या पालकांस ७५,००० रुपयांची, आणि टक्के ८० किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनीं संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी तहसील कचेरींत, आणि दिव्यांगांसाठीं राखलेल्या निधीची चौकशी आपापल्या महानगरपालिकेंत करावी. दाखला मिळाला म्हणजे हें सर्व आपोआप चालत येत नाहीं. प्रत्येकाचा अर्ज निराळा असतो.

सर्वांत महत्त्वाचा अर्ज मात्र पुढेंच असतो. मुलास अठरा वर्षें पुरीं होतांच आईबापांचें कायदेशीर पालकत्व संपतें. मिसरूड फुटलेल्या त्या मुलाच्या वतीनें बँकेंत सही कोणी करावयाची? यासाठीं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालक नेमण्याचा अर्ज करतां येतो. “आमच्यामागें याचें कसें होणार?” हा प्रश्न प्रत्येक आईबाप रात्रीं मनांत विचारतात, त्याच्या उत्तराचा कांहीं भाग तरी या कागदांत आहे.

हे अर्ज भरावयास दलालाची गरज नाहीं. शांत डोक्याच्या एका शेजाऱ्याची आहे. ठाण्यांत आणि डोंबिवलींत, ज्यांचा जन्म कचेरींत, बँकेंत, टपालखात्यांत किंवा शाळेंत रकाने भरण्यांत गेला, असे निवृत्त गृहस्थ व गृहिणी प्रत्येक इमारतींत आहेत. त्यांनीं आठवड्यांतून एक तास अशा एखाद्या घरीं बसावें. आईनें सांगावें, त्यांनीं लिहावें, आणि ती “देतो कीं!” म्हणाली, म्हणजे हळूच विचारावें, “दिवसांतून कितीदां?”